अण्णांच्या जीपचं ॲव्हरेज

“…पण मग पेट्रोल जातं कुठं, उस्ताद? टाकी गळत नाही, नळी गळत नाही. एकेक पार्ट नवा करकरीत. मग जातं कुठं?”

बाकड्यावर बसून उस्ताद बशीतला चहा पीत होते. चहा पिताना ते कुणालाच उत्तर देत नाहीत, हे सुकुमारला ठाऊक असायला हवं होतं. पोरवयापासून तो याच गॅरेजात वाढला.

कागलहून मुरगूडकडं जाणाऱ्या रस्त्याला दस्तगीर उस्तादांचं गॅरेज आहे. त्याला लागून माझं सीटकव्हरचं दुकान. मी वसंत रेळेकर. दोघांच्या मधे एक पत्रा आहे फक्त, त्यामुळं तिकडं बोललेलं मला इकडं ऐकू येतं. मुद्दाम ऐकतो असं नाही. पण मशीन थांबवतो, हे खरं.

सुकुमार मगदूम हा उस्तादांचा सगळ्यात हुशार चेला. हे उस्तादच मला म्हणायचे. त्याच्या तोंडावर कधी म्हणाले नाहीत, एवढंच.

आता त्याचं कोल्हापुरात काचेचं दुकान आहे. जुन्या गाड्यांना जोर आणणारे पार्ट तो विकतो आणि बसवूनही देतो. पुण्या-बेळगावची पोरं त्याच्याकडं गाड्या घेऊन येतात. तिथं ॲक्सिलरेटर दाबून आवाज ऐकतात आणि खूश होऊन परत जातात.

तो आवाज त्या दिवशी सकाळी मीही ऐकला. गाडी अजून वळणावरच होती, तेवढ्यात माझा पत्रा थरथरायला लागला आणि सुईखालची शिवण वाकडी गेली. माझं डोकंच फिरलं. कोण हा शहाणा ते बघावं आणि चार शब्द सुनवावेत म्हणून मी टेप गळ्यात तसाच ठेवून बाहेर आलो.

बघतो तर अण्णांची जीप.

रागाचं काय झालं मला कळलं नाही. मी नुसता बघत राहिलो.

अण्णा म्हणजे भूपाल मगदूम, सुकुमारचे वडील. या रस्त्यावरची जुनी माणसं त्यांना पेपरवाले अण्णा म्हणतात. पहाटे कोल्हापुरातून वर्तमानपत्रांचे गठ्ठे भरायचे आणि गावोगाव वाटत मुरगूडला जायचे, असं त्यांनी उभं आयुष्य केलं. गठ्ठा भिरकवायचे नाहीत. थांबायचे, हातात द्यायचे, आणि जगात काय चाललंय ते दोन मिनिटं सांगायचे.

आमच्या दारात थांबले की माझ्या वडलांशी त्यांचं बोलणं व्हायचं. मी आत अंथरुणात पडलेला असायचो. जीप चालूच असायची, तरी मला त्यांचा शब्द न् शब्द ऐकू यायचा. पलीकडच्या घरात कुणी जात्यावर दळावं, तेवढाच त्या जीपचा आवाज. अण्णांचं बोलणं त्याच्यावर तरंगत यायचं आणि मला परत झोप लागायची.

त्या जीपचं पुढचं सीट मी शिवलेलं. स्वतंत्र हातानं केलेलं माझं पहिलं काम ते. एकच लांब बाकडं, हिरव्या रेक्झिनचं, कडेला पांढरी पट्टी. त्यावर अण्णा, त्यांना चिकटून अर्धवट झोपेतला सुकुमार, आणि त्याच्या पलीकडं गठ्ठे. शाळेच्या आधी तो बापाबरोबर एक फेरी मारून यायचा. अण्णा त्याला वाटेतलं एकेक दाखवत बोलत राहायचे आणि ते पोरगं हुंकार भरत राहायचं.

गेले ते दिवस. आता गठ्ठे मोठ्या टेम्पोतून येतात. टेम्पो थांबत नाही, फेकतो आणि जातो. जीप मगदुमांच्या मळ्यात चिंचेखाली पडून राहिली. सुकुमारनं गेले काही महिने खपून ती पुन्हा रस्त्यावर आणली, हे कानावर आलं होतं. अशी आणली असेल असं मात्र वाटलं नव्हतं.

उस्तादांनी चहा संपवला. बशी कपावर उपडी घातली आणि उठून जीपभोवती फिरायला लागले.

त्यांनी टपावर बोट दाखवलं. सुकुमारनं सांगितलं, हे कॅरियर आणि चार मोठे दिवे. घाटात, धुक्यात फार उपयोगाचे. वारा थोडा अडतो म्हणा.

“चांगलं आहे,” उस्ताद म्हणाले.

त्यांनी चाकाला पाय लावला. सुकुमार म्हणाला, टायर रुंद आणि उंच आहेत. चिखलात अडकत नाहीत. फिरवायला इंजिनाला जड पडतात खरे. आणि चाक मोठं झाल्यामुळं किलोमीटरचा काटा प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवतो, तेव्हा ॲव्हरेज काट्यावर मोजायचं नाही, रस्त्याच्या दगडावर मोजायचं. मी दगडावरच मोजलं, हेही त्यानं सांगितलं.

“चांगलं आहे.”

बॉनेट उघडलं. कार्बोरेटर मोठा, जास्त पेट्रोल सोडणारा. एअर फिल्टर उघडा, म्हणजे इंजिनाला दम मोकळा मिळतो. सायलेन्सर सरळ आणि रिकामा, धूर अडत नाही. वरच्या वेगात गाडी अशी काही पळते म्हणता. खालच्या वेगात तेवढी ओढत नाही, म्हणून पाय जरा जास्त दाबावा लागतो. जास्त दाबला की जास्त पिते.

“चांगलं आहे,” उस्ताद म्हणाले.

मग ते सीटपाशी थांबले. माझं हिरवं बाकडं गेलं होतं. त्या जागी शर्यतीच्या गाडीला असतात तशा दोन काळ्या खुर्च्या, खोलगट, दोन्ही अंगांनी उंच कडा. मधे हातभर अंतर.

इथं उस्ताद चांगलं आहे म्हणाले नाहीत. माझ्याकडं एकदा बघितलं आणि बॉनेट हळूच खाली सोडलं.

“कुठला पार्ट किती पितो, तुला सगळं ठाऊक आहे,” ते म्हणाले. “मग माझ्याकडं आलास कशाला?”

मघापासून घडाघडा बोलणारा माणूस किल्लीशी चाळा करत उभा राहिला.

“अण्णा जीपमध्ये बसत नाहीत, उस्ताद…”

मग त्यानं सांगितलं ते असं.

पावसाळ्याच्या आधी अण्णांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. जीव वाचला, पण आवाज खोल गेला. बोलतात, पण तोंडाशी कान नेला तरच कळतं. डॉक्टरांनी बजावलंय, यांना बोलतं ठेवा. रोज चार वाक्यं का होईना, बोलायला लावा. बोलायचं सोडलं तर उरलंय तेही जाईल.

घरात कुणी कितीही बोलतं करायला बघितलं तरी अण्णा हुं म्हणून डोळे मिटून घ्यायचे. तेव्हा सुकुमारच्या मनात आलं, जीप. त्या जीपमध्ये अण्णा कधी गप्प बसले नव्हते. तीच पुन्हा दारात उभी केली तर बोलतील. म्हणून दुकान दुसऱ्यावर टाकून तो रात्रंदिवस तिच्यामागं लागला. जे जे उत्तम मिळालं ते ते बसवलं. बापासाठी करायचं तर हात का आखडायचा.

जीप तयार झाली त्या दिवशी त्यानं अण्णांना उचलून खुर्चीत बसवलं. मळ्याच्या फाटकातून बाहेर पडले. अण्णांनी चांगला हात समोरच्या पत्र्यावर ठेवला होता, आणि त्यांचे डोळे भरले होते. सुकुमारनं ते बघितलं, आणि आपण जिंकलो असं त्याला वाटलं.

कालव्याच्या पुलाजवळ अण्णांनी मान वळवली. ओठ हलले.

“काय म्हणाले?” उस्तादांनी विचारलं.

“ॲव्हरेज किती देते, म्हणाले. दुसरं काय म्हणणार?”

मला ते पटलं. आमच्या भागात दारात गाडी आली की माणूस आधी तेच विचारतो. मुलगी बघायला आलेले पाहुणेसुद्धा चहा यायच्या आत मुलाला ते विचारून घेतात. सकाळी जीप थांबल्या थांबल्या मीही सुकुमारला तेच विचारलं होतं, आणि त्याचं तोंड उतरलं होतं. तेव्हा मला कारण कळलं नव्हतं.

त्यानं अण्णांना ओरडून सांगितलं, सहा! अण्णांचे ओठ पुन्हा हलले. तो पुन्हा ओरडला, सहा देते अण्णा, सहा! त्यावर अण्णा त्याच्याकडं बघत राहिले. मग समोर बघितलं. मग चांगल्या हातानं दारावर थापा मारल्या… उतरव मला.

त्या दिवसापासून ते जीपजवळ फिरकले नाहीत. सुकुमार खोलीत आला की भिंतीकडं तोंड करतात. आता तर सुनेशीही हुं म्हणत नाहीत.

“त्यांच्या हातात ती अकरा द्यायची, उस्ताद. अकरा. लोक पैज लावायचे, आणि अण्णा जिंकायचे. मी सहावर आणून ठेवली. त्यांच्या जिवाला लागलं ते. माझं मलाच…”

मोठ्या माणसाचं बोलणं असं मधेच तुटलं की बघणाऱ्याला कुठं बघावं कळत नाही. मी टेप गुंडाळत बसलो.

उस्तादांनी विचारलं, “तू ऐकलंस?”

“काय?”

“…काही नाही.”

सुकुमारनं खिशातून एक खोकं काढलं. आत दोन काळे तुकडे होते. पेट्रोलच्या नळीवर बसवायचं चुंबक, पेट्रोल वाचतं म्हणे. त्याचा स्वतःचाही त्याच्यावर फारसा विश्वास नव्हता, ते त्याच्या तोंडावरनंच दिसत होतं. पण तो म्हणाला की उस्तादांनी हे आपल्या हातानं बसवावं, मळ्यावर यावं, आणि अण्णांना सांगावं की आता जीप अकरा देते. अण्णांचा उस्तादांवर भरवसा आहे. दुसऱ्या कुणाचं ऐकायचे नाहीत.

“अकरा म्हणून सांगू?” उस्तादांनी विचारलं.

“तुमच्या तोंडून ऐकलं की बसतील. एकदा बसले की बोलतील. मग मी सवडीनं करतो सगळं नीट.”

उस्तादांनी ते खोकं हातात घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं आणि बाकड्यावर ठेवून दिलं.

“वसंता,” ते मला म्हणाले, “बाटली आण.”

ज्यांनी हे बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जुने मेस्त्री ॲव्हरेज काढायचे ते असं. टाकीची नळी सोडवायची. एक लिटरची बाटली पेट्रोलनं भरून इंजिनापेक्षा उंचावर उलटी बांधायची आणि तिची नळी थेट कार्बोरेटरला जोडायची. मग गाडी काढायची आणि ती आपणहून बंद पडेपर्यंत चालवायची. जिथं बंद पडेल तिथं उतरून दगड बघायचा. खोटं बोलायला वावच नसतो.

जीपच्या काचेच्या चौकटीला बाटली बांधली. सुकुमारनं ते फार मन लावून केलं. त्याची बोटं कशी चटचट चालत होती. ते बघताना मला हाफचड्डीतला सुकुमार आठवला, आणि उस्तादांनाही आठवला असणार, कारण ते पान्यानं नळी आवळायची सोडून त्याच्याच हातांकडं बघत होते.

“मुरगूडच्या बाजूला घे,” उस्ताद म्हणाले.

“तिकडं आमचा मळा लागतो,” सुकुमार म्हणाला. “तिथवर पोचणारच नाही ती.”

“नाही पोचली तर नाही पोचली.”

सुकुमार चालवायला बसला, उस्ताद त्याच्या शेजारच्या खुर्चीत. त्या खोलगट खुर्चीत उतरताना त्यांना एक पाय हातानं उचलून आत घ्यावा लागला. मी मागं, पत्र्यावर. मला कुणी चल म्हणालं नव्हतं. पण त्या जीपमध्ये मी कितीतरी वर्षांनी बसणार होतो, मला राहवलं नाही.

किल्ली फिरवली आणि जगातलं बाकी सगळं बंद झालं.

काय सांगू तो आवाज. खालून सायलेन्सर, पुढून फिल्टर, चाकांची घरघर वेगळीच. छातीच्या आत कुणीतरी फळी आपटतंय असं होत होतं. दोन्ही बाजूंना ऊस उभा होता, गुऱ्हाळं चालू होती. काहिलीचा वास येत होता, पण त्या वासाबरोबर येणारा माणसांचा गलका नाही, बैलांच्या घंटा नाहीत. बायका मोळ्या घेऊन कडेला सरल्या, त्यांची तोंडं हलताना दिसली. त्या शिव्या देत होत्या की हसत होत्या, देव जाणे.

सुकुमार मात्र चालवत होता झकास. पाय कमी दाबायचा, गिअर वेळेवर टाकायचा, उताराला सोडून द्यायची. गुरूच्या शेजारी बसून चेला परीक्षा देत होता. त्याचा एक डोळा रस्त्यावर आणि एक बाटलीवर.

बाटली अर्धी झाली असेल. तेव्हा मी ते बघितलं.

उस्तादांनी डोक्यावरची टोपी काढली. पांढरी विणलेली टोपी, त्यांच्या लेकीनं विणून दिलेली. ती काढून त्यांनी क्षणभर मांडीवर ठेवली, हातानं सारखी केली. मग हात बाजूला काढून, बोटं उघडून, ती सोडून दिली.

टोपी वाऱ्यावर गिरकी घेऊन रस्त्याच्या मधोमध पडली आणि मागं मागं गेली.

मी ओरडलो. माझं ओरडणं मलाच ऐकू आलं नाही.

उस्ताद सुकुमारकडं वळले. शांतपणे, घरात बसून बोलावं तसं काहीतरी म्हणाले. ओठ हलले तेवढे मला दिसले.

सुकुमारनं बाटलीकडं बघितलं. “अर्धी आहे अजून!” तो ओरडला. तो गळा फोडून ओरडला म्हणून मला मागं ऐकू आलं.

उस्ताद पुन्हा म्हणाले. तेच, तितकंच हळू.

“सहा!” सुकुमार ओरडला. “बघा तुम्ही, सहाच देणार!”

उस्तादांनी मान हलवली आणि समोर बघितलं. वाऱ्यानं त्यांचे विरळ पांढरे केस उभे राहिले होते. त्यांना मी उघड्या डोक्यानं कधी बघितलं नव्हतं. फार म्हातारे दिसत होते.

पुढं बाटली रिकामी झाली. जीपनं दोन गचके दिले, खोकली आणि कडेच्या मातीत जाऊन उभी राहिली.

आणि मग सगळं परत आलं.

आधी नुसती कानात शिट्टी वाजत होती. मग हळूहळू उसाची सळसळ. मग लांब कुठंतरी गुऱ्हाळाचं इंजीन, मग कालव्याचं पाणी. एका बाईनं शेताच्या पलीकडून कुणाला तरी जेवायला हाक मारली, आणि ती हाक मला अगदी स्पष्ट ऐकू आली. माझे वडील अण्णांशी दारात बोलायचे ते दिवस एकदम आठवले. खोटं कशाला सांगू, मला रडू येत होतं.

सुकुमार उडी मारून दगडाकडं गेला. वाकून आकडा वाचला, मनात हिशेब केला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

“सहा,” तो म्हणाला. “तसूभर इकडं नाही की तिकडं नाही. बघितलंत ना, उस्ताद? आता मी अण्णांना काय…”

तो वळला, आणि तिथंच थांबला.

“उस्ताद, टोपी कुठाय तुमची?”

“पडली.”

“कधी?”

“मघाशी. तुला सांगितलं की.”

“मला? कधी सांगितलंत?”

“दोनदा सांगितलं.” उस्ताद खुर्चीतून पाय हातानं उचलून बाहेर घेत होते. “टोपी पडली, थांबव म्हणालो… तू सहा म्हणालास.”

सुकुमार हसला. असं कसं झालं, म्हणून हसला. माझ्याकडं बघून हसला.

मग त्याचं हसणं तसंच तोंडावर राहिलं, आणि डोळ्यांतनं निघून गेलं.

…

तो मटकन किलोमीटरच्या दगडावर बसला. उसातून वारा जात होता. मला वाटलं उस्ताद आता काहीतरी म्हणतील, त्याच्या पाठीवर हात ठेवतील. ते जीपला टेकून उभे राहिले आणि रस्त्याच्या पुढच्या टोकाकडं बघत राहिले. तिकडं, दोनेक किलोमीटरवर, कालव्याच्या पलीकडं मगदुमांचा मळा आहे.

“अण्णा…” सुकुमार म्हणाला.



“दोनदा बोलले ते माझ्याशी,” तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी खाली आला होता, आणि तरी आम्हाला ऐकू येत होता. “झटका आल्यापासून पहिल्यांदा आपणहून काहीतरी बोलत होते. दोनदा. मी ऐकलंच नाही उस्ताद. मी नुसताच ओरडलो.”

उस्तादांनी उघड्या डोक्यावरनं हात फिरवला.

“काय म्हणत असतील ते?”

“मला काय ठाऊक,” उस्ताद म्हणाले. “मी तिथं नव्हतो.”

सुकुमार ताडकन उठला. बॉनेट उघडलं, बाटलीची नळी उपसून काढली, टाकीची नळी परत जोडायला लागला. मघा चटचट चालणाऱ्या बोटांतून नळी दोनदा निसटली. बोलत होता स्वतःशीच. खुर्च्या काढतो, सायलेन्सर काढतो, आजच काढतो, जुना कुठं असेल तो शोधतो. मला म्हणाला, वसंतकाका, ते हिरवं बाकडं पुन्हा शिवाल ना? मी म्हणालो, शिवेन की. पट्टीसकट शिवेन.

पण आधी घरी जाऊन येतो, तो म्हणाला. आत्ताच. तुम्ही बसा दोघं, पाच मिनिटांत पोचतो. अण्णा आत्ता जागे असतील.

नळी बसली. बॉनेट आपटलं. तो वळून बघतो तर किल्ली उस्तादांच्या हातात.

त्यांनी ती मुठीत धरली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली.

“उस्ताद, किल्ली द्या.”

उस्तादांनी मानेनंच पुढचा रस्ता दाखवला.

“चालत? उस्ताद, मला घाई आहे हो. इतके दिवस गेलेत…”

“म्हणून तर,” उस्ताद म्हणाले. “चालत जा. पोचेपर्यंत कानातले दडे निघतील.”